हद्दीच्या ताडावरची तुरुमती

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चर्चमधली पहिली मिस्सा आटोपून मटिल्डा घरी आली, तर तिच्या वाडीत केळींच्या आडोशाला एक अनोळखी बाई उकिडवी बसलेली. साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि डोळ्यांना दुर्बीण.

"कोण तुम्ही? वाडीत कशा शिरलात?" मटिल्डा ओरडली.

त्या बाईने मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं. "श्श. उडेल तो."

आपल्याच वाडीत आपल्यालाच कोणीतरी गप्प करतंय, हे मटिल्डाला काही सोसलं नाही. ती तरातरा पुढे गेली आणि दुर्बिणीच्या पुढ्यातच उभी राहिली.

सत्त्याऐंशी साल होतं. भुईगावात तेव्हा अनोळखी माणूस दिसला की लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि त्याला कारणही होतं. स्टेशनच्या बाजूला भाताच्या शेतांतून इमारतींचे सांगाडे उभे राहायला लागले होते. प्रत्येक ठिकाणी आधी कोणीतरी असंच येऊन गेलेलं. कोणी विहिरी मोजतो म्हणाला, कोणी नारळाच्या रोगाची पाहणी करतो म्हणाला. मग सहा महिन्यांत तारेचं कुंपण पडायचं, आणि मालक म्हणायचा की मला तर काही माहीतच नव्हतं.

मटिल्डा पन्नाशी ओलांडलेली. नवरा सेबॅस्टियन तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगी विनी मुंबईत नर्स होती, ती शनिवारी आली तर यायची. वाडी मटिल्डा एकटीच बघायची. केळी, अळू, सोनचाफ्याची बारा झाडं, मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि समुद्राच्या अंगाला ताडांची एक रांग. रांगेतला शेवटचा ताड सगळ्यांत उंच. त्याच्या बुंध्याशी हद्दीचा दगड अर्धा वाळूत गाडलेला होता. त्याच्या पलीकडे रुडॉल्फची जमीन. रुडॉल्फ म्हणजे सेबॅस्टियनच्या थोरल्या भावाचा मुलगा.

आणि त्या बाईची दुर्बीण नेमकी त्याच ताडावर लागलेली होती.

"मावशी, माफ करा," बाई उठून उभी राहिली. पस्तिशीची असेल. "मी चंद्रकांता. कॉलेजात शिकवते. पक्ष्यांचा अभ्यास करते. बांधावरून चालले होते, हा दिसला आणि मी न विचारताच आत आले. तुमच्या त्या ताडावर तुरुमतीची जोडी आहे. कावळ्याच्या जुन्या घरट्यात बसायच्या बेतात आहेत."

"तुरुमती म्हणजे?"

"ससाण्याच्या जातीतला लहान पक्षी. पूर्वी लोक शिकारीसाठी पाळायचे. आता फारसा दिसत नाही. दर रविवारी आले तर चालेल? एका जागी बसेन. पानालासुद्धा हात लावणार नाही."

मटिल्डाने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण तिच्या मनात आलं, हिला हाकललं तर ही लपून येईल. डोळ्यांसमोर असलेली बरी. "रविवारी आठच्या पुढे या," ती म्हणाली. "मी घरात असताना."

संध्याकाळी रुडॉल्फ आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. रुडॉल्फ नेहमी येताना काहीतरी घेऊन यायचा, कधी ताजे बोंबील, कधी बेकरीचे पाव. काकाच्या माघारी काकीची विचारपूस करणारा पुतण्या म्हणून गावात त्याचं नाव होतं. ऐकून तो हसला, मग एकदम गंभीर झाला.

"काकी, पक्षी-बिक्षी काही नाही. ती हद्दीचा दगड बघते. कुठल्यातरी बिल्डरने पाठवलेली असणार. बाईमाणूस पाठवलं की कोणी आडवं येत नाही."

"वर पक्षी आहे खरा. मी बघितला."

"असेल. शिकरा असेल. तुझ्या कोंबडीची पिल्लं कोण नेतं मग?"

कोंबडीची नऊ पिल्लं होती, त्यांतली पाचच उरली होती, हे खरं होतं. रुडॉल्फ म्हणाला, "तो ताड कशाला ठेवतेस? फळ नाही, ताडी नाही. पाडून टाकू. पक्षीही गेला आणि त्या बाईला यायला निमित्तही उरलं नाही. माणसं माझ्याकडे आहेत, तुला काही करावं लागणार नाही."

मटिल्डा म्हणाली, बघू.

पुढच्या रविवारी चंद्रकांता आली तेव्हा मटिल्डा स्टूल घेऊन तिच्या शेजारीच बसली. "मला दाखवा तुमचा पक्षी."

दुर्बिणीतून आधी तिला आपल्याच पापण्या दिसल्या. मग निळं आभाळ, मग झावळीचा दांडा, आणि मग एकाएकी तो पक्षी, इतका जवळ की ती मागे सरकली. साळुंकीपेक्षा थोडा मोठा. डोकं आणि मान विटेसारखी तांबूस, पाठ पाटी धुतल्यावर दिसते तशी निळसर राखाडी. पांढऱ्या छातीवर बारीक काळ्या आडव्या रेघा. पाय पिवळेजर्द.

"शिकरा आहे," मटिल्डाने खडा टाकून पाहिला.

"डोळा बघा. शिकऱ्याचा पिवळा असतो नाहीतर लाल. याचा काळाभोर आहे. आणि उडाला की पंख बघा, टोकदार. शिकऱ्याचे गोलसर असतात. शेपटीच्या टोकाजवळ काळा जाड पट्टा आहे, दिसला?"

पट्टा दिसला. पण हे तर कोणीही पुस्तकात वाचून सांगेल, मटिल्डाला वाटलं. पाठवलेल्या माणसाला पढवूनच पाठवत असणार. ही खरं बोलते की खोटं हे कळायचं असेल, तर त्या पक्ष्याबद्दल आपल्याला तिच्याइतकंच माहीत हवं.

म्हणून मटिल्डा पाळतीवर बसली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताड दिसायचा. सकाळी चहा ठेवला की ती खिडकीशी उभी राहायची. तिच्याजवळ दुर्बीण नव्हती, पण नजर चांगली होती. आठवड्याभरात दोघांतला फरक तिला कळायला लागला. मादी अंगाने मोठी, ती घरट्यातून क्वचितच हलायची. नर पहाटेच निघून जायचा आणि काहीतरी पंजात धरून परतायचा. घरट्यावर तो कधी उतरत नसे. शेजारच्या माडावर बसून 'क्यी-क्यी-क्यी' असा चिरका आवाज काढायचा. मग मादी येऊन त्याच्या पंजातलं घ्यायची आणि तिचं खाऊन होईपर्यंत तो घरट्याशी पहारा करायचा. एकदा दोघांनी मिळून किनाऱ्याच्या सुक्या गवतावर शिकार केली. नर जमिनीलगत गवतावरून गेला, चंडोल घाबरून वर उठला, आणि वर थांबलेल्या मादीने त्याला हवेतच उचललं. मटिल्डाच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली आणि चहा उतू गेला.

चर्चच्या कॅलेंडरवर ती आता पेन्सिलीने खुणा करू लागली. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय आणलं. ताडाखाली पडलेली पिसं ती उचलून बघायची. चिमणीची, चंडोलाची, एकदा वटवाघळाचा पंख. कोंबडीच्या पिल्लाचं पीस एकही नाही. आणि एका दुपारी केळीच्या सुक्या पानांच्या ढिगातून मुंगूस निघालं, आणखी एक पिल्लू तोंडात धरून तिच्या डोळ्यांदेखत कुंपणातून पसार झालं.

म्हणजे रुडॉल्फचं चुकलं होतं. पण एवढ्यावरून ती बाई खरी ठरत नव्हती.

मार्चच्या पहिल्या रविवारी मटिल्डाने तिला जाळ्यात धरायचं ठरवलं. चंद्रकांता वही उघडून बसली होती. मटिल्डा सहज बोलल्यासारखी म्हणाली, "शुक्रवारी तुमच्या पक्ष्याने माझ्या कोंबडीची दोन पिल्लं उचलली. एकामागून एक."

हे साफ खोटं होतं. ही बाई नुसती पढवलेली असेल तर मान डोलावेल, असा तिचा हिशेब.

चंद्रकांता गोंधळली. "कोंबडीची पिल्लं? मावशी, हा बहुतेक सगळं हवेतच पकडतो. जमिनीवरून पिल्लू उचलल्याचं मी कधी पाहिलं नाही." तिने पेनाचं टोपण काढलं. "पण तुम्ही पाहिलंय ना? मी फक्त रविवारी बघते, तुम्ही रोज बघता. तुम्ही म्हणता तर लिहायला हवं. किती वाजता?"

"दहा वाजता," मटिल्डाच्या तोंडून निघून गेलं.

चंद्रकांताने लिहिलं. मटिल्डाने वाकून बघितलं. 'शुक्र., सकाळी १०. कोंबडीची दोन पिल्लं. मटिल्डामावशींनी स्वतः पाहिलं.' आपलं नाव त्या वहीत, त्या खोट्याच्या शेजारी बघून तिला कसंसंच झालं. खोडा म्हणावंसं वाटलं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. ती उठून घरात गेली आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदा चंद्रकांतासाठी चहा करून स्वतः नेऊन दिला.

त्या चहाचं पुढे आठवड्याभरात तिला फार वाईट वाटलं.

विनी केव्हापासून म्हणत होती की जमिनीच्या नकाशाची नक्कल काढून ठेव. त्या बुधवारी मटिल्डा वसईला मोजणीच्या कचेरीत गेली. लांबलचक टेबलावर नकाशांची भेंडोळी, धुळीचा वास, वर कुरकुरणारा पंखा. खिडकीवरच्या माणसाने आतल्या टेबलाकडे बोट दाखवलं. आतल्या टेबलावर, पिवळ्या पडलेल्या नकाशावर पट्टी ठेवून, चंद्रकांता बसली होती.

दोघींची नजरानजर झाली. चंद्रकांता अर्धवट उठली, "मावशी..." एवढंच म्हणाली.

मटिल्डा नक्कल न घेताच बाहेर पडली. ती एसटीत जाऊन बसली. मोजणीची कचेरी! आणि आपण हिला पाच रविवार हद्दीच्या दगडासमोर बसवलं. चहा पाजला.

त्या रविवारी ती आठच्या आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"तुमचं कॉलेज मोजणीच्या कचेरीत भरतं होय?"

चंद्रकांताने मान खाली घातली. "मी कॉलेजात शिकवत नाही. कारकून आहे. नकाशे काढते. पक्ष्यांचं वेड लहानपणापासून आहे, ते मात्र खरं."

"मग खोटं का सांगितलंत?"

"मोजणीच्या कचेरीतून आले म्हटलं असतं तर तुम्ही आत घेतलं असतं?"

"नसतं घेतलं."

"म्हणून."

"म्हणून खोटं बोलायचं? माझ्याच वाडीत बसून?"

दुर्बिणीचा पट्टा चंद्रकांता बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "जाते मी. पण पुढच्या आठवड्यात अंडी फुटतील. कावळ्यांवर लक्ष ठेवा. आणि ताडाखाली फार वेळ थांबू नका, मादी अंगावर येते."

"मला शिकवू नका," मटिल्डा म्हणाली आणि तिने फाटक लावून घेतलं.

रुडॉल्फला कळलं तेव्हा त्याने दोन्ही हात पसरले. "बघ! मी म्हणत होतो ना? काकी, तू भोळी आहेस. आता तरी ताड पाडू दे."

मटिल्डाच्या डोक्यात अजून राग होता. "पाड," ती म्हणाली. "पण ईस्टर होऊ दे. प्रायश्चित्तकाळात झाडावर कुऱ्हाड नको."

"ईस्टर झाला की लगेच. आणि हे विनीला कशाला सांगतेस? ती उगाच काळजी करत बसेल."

हे शेवटचं वाक्य मटिल्डाच्या कानात अडकलं. झाड पाडायचं तर त्यात विनीने काळजी करण्यासारखं काय होतं? रुडॉल्फ गेल्यावर ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. मग स्वतःवरच चिडली. एका खोटारड्या बाईपायी आता घरच्या पोरावरही संशय!

खिडकीशी उभं राहायची सवय मात्र सुटली नाही. मार्च संपता संपता नराच्या खेपा वाढल्या. मादी आता आणलेलं स्वतः खात नव्हती, घरट्यात नेत होती. मग एका सकाळी घरट्याच्या काठावर तीन पांढरी डोकी हलताना दिसली. मटिल्डा एकटीच खिडकीत उभी होती. हे कोणाला सांगावं, असं वाटलं आणि सांगण्यासारखं एकच माणूस आठवलं, त्यामुळे तिला आणखीच राग आला. कावळे मात्र ती हाकलत राहिली. अर्थात तिच्या हाकलण्याची गरज नव्हतीच. कावळा नुसता जवळून गेला तरी मादी झेप घ्यायची आणि तिचा आवाज बदलायचा. नराला हाक मारतानाचा वेगळा, आणि हा वेगळा, न थांबणारा, करवतीसारखा. डोळे मिटूनही मटिल्डा सांगू शकली असती की कोणीतरी ताडाजवळ गेलं आहे.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तिने तोच आवाज ऐकला.

दर वर्षी ती आठच्या मिरवणुकीला जायची. अख्खा गाव हातात झावळ्या घेऊन चर्चकडे निघायचा. पण यंदा गुडघा धरला होता, म्हणून ती सहाची मिस्सा करून आली होती आणि ओट्यावर झावळीचे क्रूस विणत बसली होती. गावात चिटपाखरू नव्हतं. आणि मागून करवत सुरू झाली. क्यी-क्यी-क्यी-क्यी. कावळा असता तर एव्हाना थांबली असती.

मटिल्डा उठली आणि केळींच्या आडून पुढे सरकली.

ताडाखाली तिघं होते. एक सफारी घातलेला जाडसर माणूस, एक जण लांब टेप धरून, आणि रुडॉल्फ. सफारीवाल्याच्या हातात कागद होता आणि तो डोक्यावरून हात फिरवत होता. त्याची टोपी वाळूत पडली होती. मादी पुन्हा खाली आली, त्याच्या कानाजवळून सुंईकन गेली.

"च्यायला, काय पाखरू आहे की कोण!" तो वाकून म्हणाला. "हे झाड कधी जाणार?"

"ईस्टरनंतर," रुडॉल्फ म्हणाला. "काकीने होकार दिलाय. झाड पाडताना बुंधा काढायचा म्हणून खणू, त्यात दगडही जाईल. मग रांगेचा शेवटचा ताड म्हणजे तो दुसरा. तिथून हद्द धरायची."

दुसरा ताड मटिल्डाच्या वाडीत पंधरा हात आत होता.

केळीची पानं बाजूला सारत ती आडोशातून बाहेर आली.

"रुडॉल्फ."

टेपवाल्याने टेप सोडला. तो सळसळत गुंडाळला गेला. "काकी, तू मिरवणुकीला..."

"नाही गेले. ही कोण माणसं?"

सफारीवाला टोपी उचलून आपल्या माणसाला घेऊन बांधाकडे निघून गेला. ताडाखाली दोघंच राहिले. वर मादी अजून ओरडत होती.

"काकी, तुला एवढी जमीन काय करायची आहे?" रुडॉल्फचा आवाज चढला, मग लगेच खाली आला. "विनी काय इथे येऊन अळू लावणार आहे? माझा तुकडा चिंचोळा आहे. रस्ता निघत नाही म्हणून हे बिल्डरही घेत नाहीत. पंधरा हात फक्त. मला दोन पोरं आहेत गं. मला नायगावला जागा घ्यायची आहे, इथे माझं काही होत नाही."

"मग मागायचंस ना."

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

बोलली आणि ती स्वतःच थबकली. पाच आठवड्यांत दोन माणसांनी तिला हाच प्रश्न विचारला होता, आणि दोन्हीही वेळा तिने हेच उत्तर दिलं होतं. पण एकाने तिची जमीन सरकवायला खोटं केलं होतं आणि दुसरीने एक पक्षी बघायला. हा फरक समजायला तिला एवढे दिवस लागले.

"ताड पाडायचा नाही," ती म्हणाली. "ईस्टरलाही नाही, कधीच नाही. आणि आता इथून हो, तिला पिल्लांकडे जाऊ दे."

सोमवारी सकाळी ती पुन्हा वसईच्या कचेरीत गेली. चंद्रकांता तिला बघून टेबलाशी उभीच राहिली, आता ही चार माणसांत काय बोलते या धास्तीने.

"तुमची वही आहे का जवळ?" मटिल्डाने विचारलं.

वही पिशवीत होती.

"त्यात माझं नाव घालून कोंबडीच्या पिल्लांचं लिहिलंय. ते खोडा. मी खोटं सांगितलं होतं. तुम्हाला धरायला."

चंद्रकांताने पान उलटलं, त्या ओळीवर रेघ मारली, आणि बाजूला आजची तारीख घातली. दोघींपैकी कोणीच हसलं नाही.

"तीन पिल्लं आहेत," मटिल्डा म्हणाली. "रविवारी या." मग आवाज खाली करून तिने ताडाखालची सगळी हकीकत सांगितली.

"खरी मोजणी अशी होत नाही," चंद्रकांता म्हणाली. "आधी शेजारच्या सगळ्यांना नोटीस येते. तुम्ही दगडाच्या बाजूने मोजणीचा अर्ज द्या. पण माझ्याकडे नको, त्या खिडकीत. तुमचा कागद मी हातातही घेणार नाही. उद्या कोणी म्हणायला नको की वाडीत बसायला मिळतं म्हणून काम केलं."

मटिल्डाने अर्ज खिडकीत दिला. परतताना एसटीत तिच्या मनात आलं, ही आपला कागद हातात घेणार नाही म्हणाली ते आपल्यासाठी की स्वतःच्या नोकरीसाठी? मग तिने तो विचार तसाच सोडून दिला. संशय एकदा अंगवळणी पडला की असा एका दिवसात जात नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी दोघी ताडापासून लांब, सोनचाफ्याखाली बसल्या होत्या. पिल्लं आता पिल्लं दिसत नव्हती. घरट्याबाहेर झावळ्यांच्या दांड्यांवर बसून पंख फडफडवत होती. नऊच्या सुमाराला पहिलं उडालं आणि वेडंवाकडं जात शेजारच्या माडावर आदळल्यासारखं बसलं. दुसरं अर्ध्या तासाने गेलं. तिसरं बराच वेळ दांड्याच्या टोकाशी सरकत राहिलं, वाऱ्याचा झोत आला, आणि ते गिरक्या घेत थेट बावखलात पडलं.

चंद्रकांता किंचाळली. मटिल्डाने लुगडं खोचलं, फुलांची टोपली उचलली आणि कमरेइतक्या पाण्यात उतरली. गुडघ्याचं तिला भानही नव्हतं. टोपलीत घेतलेलं ते ओलंचिंब पाखरू तिच्या अंगठ्याला असं चावलं की रक्त आलं. वरून आई करवत चालवतच होती. दोघींनी मिळून पिल्लू पंपाच्या खोलीच्या कौलांवर ठेवलं आणि लांब जाऊन बसल्या. दुपारी नर आला, कौलांवर त्याच्यासमोर चिमणी टाकून गेला.

"चल, आत चल," मटिल्डा म्हणाली. चंद्रकांताला ती पहिल्यांदाच अगंतुगं करत होती आणि पहिल्यांदाच घरात बोलावत होती. "मी लुगडं बदलते, तू चहा टाक."

सोमवारी आणि मंगळवारी पिल्लू कौलांवर होतं, नर खेपा घालत होता. बुधवारी सकाळी मटिल्डा खिडकीशी आली तर कौलं रिकामी. माडावर दोनच पिल्लं होती. ती दिवसभर मान वर करून हिंडली.

मोजणी पावसाळ्यानंतर झाली. दगड जिथे होता तिथेच ठरला. रुडॉल्फने आपला तुकडा शेवटी कमी भावात दुसऱ्या कोणाला दिला आणि नायगावला राहायला गेला. तो चर्चमध्ये भेटला की मटिल्डा मुलांची चौकशी करायची, तो काकीच्या गुडघ्याची. बोंबील काही पुन्हा आले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारनंतरच्या रविवारी चंद्रकांता आली, वही उघडली आणि तिसऱ्या पिल्लाचं विचारलं.

"उडालं," मटिल्डा म्हणाली. "लिही, बुधवारी उडालं."

"उडताना पाहिलंत?"

मटिल्डाने कौलांकडे बघितलं. "नाही. सकाळी नव्हतं."

"मांजर फिरतं का इथे?"

"फिरतं."

"मग 'बुधवारी सकाळी दिसलं नाही' एवढंच लिहिते."

मटिल्डाला ते आवडलं नाही. तीन उडाली असं त्या वहीत असायला हवं होतं. ती पंपाच्या खोलीकडे गेली. वाकून पन्हळीखाली बघितलं, मागचा लाकडांचा ढीग हलवला, केळीची सुकी पानं काठीने उलटीपालटी केली, मुंगसाच्या वाटेने कुंपणापर्यंत जाऊन आली. अर्ध्या तासाने पदराने घाम पुसत ती परतली.

"पिसं नाहीत कुठे," ती म्हणाली. "एकही नाही. मी सगळं बघितलं."

"तेही लिहिते," चंद्रकांता म्हणाली, आणि तिने लिहिलं.